जागचं हलायचं नाही

आम्ही बघायला गेलो की लेक शून्यावर आऊट होते, हा यांचा पक्का समज. म्हणून तिच्या फायनललाही आम्ही घरीच, मोबाइलवर कॉमेंट्री लावून. मघाशी मी खुरपं ठेवून उठले आणि नेमकी विकेट पडली.

"आता हलू नकोस गं बाई!" हे व्हरांड्यातून ओरडले.

तेव्हापासून मी भर उन्हात टोमॅटोच्या वाफ्यात उकिडवी, आणि हे छंद म्हणून बनवत असलेल्या इवल्या लाकडी जहाजाची डोलकाठी चिमट्यात धरून बसलेले. गोंद केव्हाच वाळलेला. शेवटचा बॉल, चार रन हवे, आणि खेळायला आमचीच लेक.

चौकार!

यांनी डोळे पुसेपर्यंत लेकीचा फोन आला. आवाज दबका.



"आई, कप घ्यायला सगळ्यांच्या आईबाबांना बोलावताहेत. तुम्ही आजारी आहात असंच सांगू ना, नेहमीसारखं?"