वाकलेली कड

वडील गेल्यावर पंधरा दिवसांनी थोरला घरी आला. धाकटा गॅरेजमध्ये त्यांच्या जुन्या अमेरिकन गाडीची चाकं नव्यासारखी करत बसला होता. तीन चकाकत होती, चौथ्याची कड तो ठोकून सरळ करत होता. त्याने मानही वर केली नाही.

"ही कशाने वाकली?" थोरल्याने विचारलं.

"तू घर सोडलंस ना, तेव्हा तुला अडवायला बाबा गाडी घेऊन निघाले आणि फुटपाथला धडकले. अठरा वर्षं मला हात लावू दिला नाही. म्हणायचे, थोरला आला की त्याच्याकडून करून घेऊ."

थोरल्याने हातोडीसाठी हात पुढे केला. "मग थांबायचंस की."

"वाट ते बघत होते," धाकटा शेवटचा घाव घालत म्हणाला. "मी नाही."