गोल पिन

“आये, कवा दुबईला आलीस तर तुजा चार्जर आणू नको. हितल्या सॉकेटची भोकं चौकोनी असत्यात, आपली गोल पिन जात न्हाई.” गावानं हार घालून धाडलेल्या राजवर्धननं तिथं पोचल्या पोचल्या सांगितलेलं हे रंगुबाईच्या ध्यानात पक्कं बसलं होतं.

म्हणूनच आज व्हिडिओ कॉलवर लेकाच्या पाठीमागच्या भिंतीवर तिची नजर अडकली. सॉकेट अगदी तिच्या घरातल्यासारखं होतं, तिन्ही भोकं गोल.

“त्यो मागचा बोर्ड लय वळखीचा दिसतोय रं?”

“आं? अगं, हितं समद्या देशांची मानसं, म्हणून समद्या देशांचे बोर्ड!” म्हणत त्यानं फोन छताकडं फिरवला.

“मग एक चौकोनी भोकाचा दाव की.”

“रेंज जातीया आये…”

“जेवलास का?” एवढंच विचारून रंगुबाईनं फोन ठेवला.



पोरगं सुखरूप मायदेशी परतलं की औंधच्या यमाईचा डोंगर अनवाणी चढीन, असा नवस ती बोलली होती. तिनं चपला दाराआड सारल्या आणि कुणाला काही न सांगता औंधची वाट धरली.