सामान्य मूल

“रात्री आभाळात काय दिसतं?”

दिपालीचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच शिवम म्हणाला, “चांदोबा.”

पाचच्या पाच उत्तरं बरोबर आली. दिपालीला हायसं वाटलं. बारामतीच्या कॉलेजात ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय बालमानसशास्त्र. सरांनी प्रात्यक्षिक दिलं होतं: ओळखीतलं एखादं सामान्य मूल घ्या आणि त्याची चाचणी करा. घरातच पाच वर्षांचा भाचा असताना काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? पोरगं उशिरा बोलायला लागलं, उजव्या पायात डावी चप्पल घालतं, ऐकलेलं तेवढंच परत बोलतं, हे तिला दिसत होतं. पण पुस्तकातली पोरं तिला ओळखू यायची, घरातलं येत नव्हतं.

तिच्या आईनं, म्हाळसाबाईनं, मात्र नातवाचा निकाल केव्हाच लावला होता. उभं आयुष्य मेंढरांमागं काढलेली बाई ती. “मेंढी बी असलं कोकरू थानाला लावत न्हाय,” असं ती सुनेच्या, रेश्माच्या, तोंडावर म्हणायची. रामला, दिपालीच्या भावाला, दुसरी बायको करून द्यायचं तिच्या मनात होतं, सोमेश्वरनगरकडची एक मुलगी तिनं हेरूनही ठेवली होती. चाचणीचं कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, “दिपा शिकलेली हाय. तिनं पोरगं शानं म्हनलं तर शानं. न्हायतर रेश्मानं आपलं म्हायार गाठावं.” राम तिथंच मोटारसायकलचा आरसा पुसत होता. तो पुसतच राहिला. आईपुढं त्यानं जन्मात तोंड उघडलेलं नव्हतं.

म्हणून आज स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. शिवम पाटावर बसला होता आणि दिपाली त्याच्यासमोर. रेश्मा भाकरी करत होती.

“शाबास रे!” म्हणत दिपालीनं सहज वर पाहिलं. रेश्माचे पिठाचे हात थांबले होते आणि ओठ हलत होते. दिपालीला एकदम आठवलं: गेला आठवडाभर ती इथंच बसून हे प्रश्न मोठ्यानं पाठ करत होती आणि वहिनी भाकऱ्या थापत ऐकत होती.

“शिवम, परत एकदा खेळू हं. रात्री आभाळात काय दिसतं?”

“शिवम.”

“भूक लागली की काय करतोस?”

“पाच.”

“तुझं नाव काय?”

“गाय,” तो म्हणाला, आणि खूश होऊन आईकडं बघायला लागला.

“वहिनी, हे काय केलंस?”

रेश्मानं तव्यावर भाकरी टाकली. “घोकून घेतलं, ताई. एका उत्तराला एक खडीसाखर. लई गुनी हाय ओ, एकदा बी रडला न्हाय.”

“अगं, मला सांगायचं ना! असं लवकर कळलेलं बरं असतं. शिकवता येतं अशा मुलांना, पुष्कळ शिकवता येतं. आपण त्याला बारामतीला नेऊ.”

“त्याला बारामतीला न्याल. आन मला कुठं न्याल?”

कॉलेजच्या दोन वर्षांत दिपालीला असा प्रश्न कुणी घातला नव्हता. तिला वहिनीचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कुणी सांगितलं होतं हे सामान्य मूल घरात शोधायला?

तेवढ्यात दार ढकलून म्हाळसाबाई आत आली. “काय निगालं गं?”

“बरोबर आहे सगळं,” दिपाली बोलून गेली.

“माज्यादेखत इचार.”

दिपालीनं रेश्माकडं पाहिलं नाही. आधी आज निभावू, मग हळूच त्याला बारामतीला दाखवू, असं तिनं मनाशी ठरवलं आणि प्रश्न विचारले. जसे पाठ केले होते तसेच, एकामागून एक.

“तुझं नाव काय?”

“शिवम.”

“तू किती वर्षांचा?”

“पाच.”

“दूध कोण देतं?”

“गाय.”

“भूक लागली की?”

“जेवतो.”

“रात्री आभाळात काय दिसतं?”

“चांदोबा.”

म्हाळसाबाईचा चेहरा असा उजळला की रेश्मानं तो ह्या घरात आल्यापासून कधी तसा पाहिला नव्हता. म्हातारी मटकन खाली बसली. तिनं नातवाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि दृष्ट काढून बोटं मोडायला कानशिलावर नेले. तिचे डोळे भरून आले होते.

“आरं माज्या वाघा! लोक उगं कायबी बोलत्यात. सांग बरं, मी कोन रं तुजी?”

“शिवम.”

बोटं कानशिलावर तशीच राहिली.

“आरं, मी कोन?”

“पाच,” शिवम म्हणाला आणि खडीसाखरेसाठी हात पुढं केला.

तव्यावर भाकरी करपल्याचा वास सुटला. रेश्मा पिठाच्या हातांनीच पुढं आली आणि तिनं सासूचे पाय धरले.

“आत्याबाई, त्याला वळीनं इचारा. वळीनं इचारलं की समदं येतंय त्याला.”