समुद्राजवळचं वळण

साहेबांनी शेवटचं वळण घेतलं तेव्हा गाडीबरोबर तेही सोफ्यावर पार डावीकडे कलले होते. पडद्यावर झेंडा फडकला. त्यांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि सरळ होऊन बसले.

"जसंच्या तसं," ते म्हणाले. "व्हिडिओ गेम पार्लरमध्ये बसल्यासारखं वाटलं. उद्या सकाळी डिस्क प्रती काढायला कारखान्यात पाठवून दे."

प्रोग्रामरच्या जिवात जीव आला. पार्लरमधलं मूळ यंत्र कपाटाएवढं होतं. त्याला सीट, स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल. ती सगळी शर्यत वर्षभर घासूनपुसून त्याने टीव्हीशेजारच्या एवढ्याशा डब्यात बसवली होती. उरला होता फक्त होकार. आणि साहेबांचा नियम असा की, होकार ऑफिसातल्या झकपक पडद्यावर द्यायचा नाही, कुणाच्या तरी घरच्या साध्या टीव्हीवर खेळून द्यायचा. हा टीव्ही प्रोग्रामरच्या आत्याचा होता. घरही तिचंच. भाचा तिच्याकडेच राहायचा.

"झालं का रे तुमचं?" पदराला हात पुसत आत्या बाहेर आली.

"झालं. आता एक डाव तुमचा, आत्या," साहेब म्हणाले. होकार देऊन झाला की माणूस उदार होतो.

"अहो, मला साधी सायकल येत नाही."

"इथे पडलात तरी लागत नाही."

आत्या बसली. दुसऱ्याचं तान्हं बाळ घ्यावं तसा तिने कंट्रोलर दोन्ही हातांत घेतला. तिची गाडी रस्त्याच्या कडेकडेने निघाली. बाकीच्या गाड्या सणसणत पुढे जात होत्या आणि ती प्रत्येकीला वाट देत होती. "जा बाबा. तुला घाई दिसतेय. तूही जा." पूल दिसायला लागला आणि पडदा काळा झाला.

"बंद पडलं?"

"नाही, वेळ संपली."

"कुणाची?"

"तुमची," साहेब बोलून गेले आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा पूल दिसला, पुन्हा काळोख.

"अरे, मी चालवतेय ना? मग मधेच का थांबवतो हा?"

"पार्लरमध्ये मागे रांग असते, आत्या," भाचा म्हणाला. "पुढच्या माणसाला बसायला मिळावं, म्हणून घड्याळ ठेवलंय."

आत्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती आणि दोरीवर वाळणाऱ्या दोन चादरी.

"घड्याळच नसेल, तर ती शर्यत कसली?" साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले.

"मला कुठे कुणाशी शर्यत लावायचीय? वर्षभर जेवताना विचारत होते याला, आज काय केलंस म्हणून. कधी म्हणायचा, पूल केला. कधी म्हणायचा, समुद्राजवळचं वळण केलं. म्हटलं, बघावं तरी." तिने कंट्रोलर खाली ठेवला. "राहू दे. आपलं काम नव्हे हे."

भाचा तसाच उभा राहिला. घड्याळ बंद करायची एक युक्ती खेळात होती. दोन बटणं एकदम दाबून धरायची. ती त्याने स्वतःच्या चाचणीसाठी ठेवली होती आणि रात्री काढून टाकणार होता. साहेबांना तिची कल्पना नव्हती. घड्याळ बंद असताना हा खेळ कुणी का पाहू नये, हेही त्यालाच ठाऊक होतं.

त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं. मग कंट्रोलर उचलला, दोन्ही बटणं दाबून धरली आणि तो आत्याच्या हातात दिला. पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे नाहीसे झाले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"चाचणीसाठी होतं."

आत्याने पूल ओलांडला. रस्ता डावीकडे वळला आणि उजवीकडे समुद्र आला. पार्लरमध्ये हे वळण सगळे दातओठ खाऊन घ्यायचे. निळं काहीतरी चमकून जायचं, बस. आत्याने गाडी हळूच कडेला घेतली आणि थांबवली.

समुद्र म्हणजे निळ्या रंगाचे तीन पट्टे होते. लाट नव्हती. वर एक पांढरा पक्षी पंख उचललेला तसाच चिकटवल्यासारखा. कठड्याजवळ हात वर करून उभी असलेली माणसं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी, आणि त्या सगळ्यांचा चेहरा एकच.

भाच्याने नजर खाली घातली. हातात आलेला होकार त्याने स्वतःच पणाला लावला होता. साहेब पुढे सरकून बसले. हे वळण त्यांनी किती वेळा घेतलं असेल, त्याला गणती नव्हती. उजवीकडे ते आज पहिल्यांदा बघत होते.

"हाच का रे तुझा समुद्र?" आत्याने विचारलं.

"हो." भाचा म्हणाला. "तिथे कुणी थांबत नाही, आत्या. म्हणून तेवढाच केला."

"मी थांबले की."

गाडीचं इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. मागून येणाऱ्या गाड्या वळणावरून जात राहिल्या. साहेब उठले, टीव्हीजवळ गेले आणि कमरेवर हात ठेवून त्या पक्ष्याकडे पाहत राहिले.

"डिस्क उद्या नको पाठवूस," ते म्हणाले.

भाच्याने मान हलवली.

"आणि ती दोन बटणं काढू नकोस." ते अजून पडद्याकडेच बघत होते. "समुद्र नीट करायला किती दिवस लागतील?"

भाचा मनातल्या मनात हिशेब करू लागला. आधी लाटा. मग पक्षी. मग माणसांचे चेहरे.

"सावकाश कर," आत्या म्हणाली. तिने मांडी घालून कंट्रोलर मांडीवर ठेवला होता. "मी इथेच आहे."