न लागलेला दिवा

"किल्ली फिरव," सर म्हणाले. "इंजिन चालू करू नकोस. नुसती फिरव."

गॅरेजवाल्याने किल्ली अर्धी फिरवली. डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. सर खिडकीतून वाकून बघत होते.

"बॅटरीचा तांबडा दिवा कुठाय?"

"लागत नाही, सर."

"ते मला दिसतंय. का लागत नाही?"

तंत्रशाळेत दोन वर्षं गॅरेजवाला याच सरांकडे गाड्यांची वायरिंग शिकला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने बॅटरीच्या दोन टोकांवर पाना टाकला होता, आणि तेव्हापासून सरांसाठी तो ठिणगी होता. आता त्याचे कानशिलावरचे केस पिकले होते, तरी हाक तीच होती.

गाडी सरांची होती आणि तीन आठवडे गॅरेजच्या शेडमध्ये पडून होती. निवृत्तीनंतर सरांकडे एकच काम उरलं होतं, नातीला शाळेतून घरी आणायचं. ते याच गाडीवर चालायचं. आता नात शाळेच्या बसने येत होती आणि सर काकूंबरोबर चालत गॅरेजला येत होते. संताप येणारच. चार्जिंगचा साधा दोष शोधायला कोणी तीन आठवडे लावतं का?

"आता चालू कर."

इंजिन सुरू झालं. सरांनी पिशवीतून स्वतःचा मीटर काढला आणि डाव्या हाताने त्याची टोकं बॅटरीला लावली.

"बारा पॉइंट दोन. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास हवेत. म्हणजे अल्टरनेटर कणभर वीज देत नाहीये, आणि तू काय करतोस? बॅटरी काढून चार्जिंगला लावतोस. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

"चुकलं, सर."

"अहो, जरा हळू," बाकावरून काकू म्हणाल्या. "बी.पी. वाढेल."

"वाढू दे. याला मी पहिला नंबर दिला होता, त्याचंच वाढतंय." सर पुन्हा त्याच्याकडे वळले. "त्या दिव्यातून एक बारीक तार अल्टरनेटरकडे जाते. तिच्यातून अल्टरनेटरला जाग येते. दिवाच लागत नाही, म्हणजे बल्ब गेला किंवा तार तुटली. हे फळ्यावर काढून शिकवलंय मी."

इंजिन बंद करवून त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. वय झालं होतं, पण बोटं अजून तरबेज होती. अल्टरनेटरपासून तार चाचपत ते मागे मागे गेले आणि बॅटरीच्या पाठीमागे थांबले. तिथे तारेची दोन टोकं वेगवेगळी होती. दोन्हींवर काळी टेप होती. सरांनी एका टोकाची टेप सोडवली, ती सहज सुटली.

"ही झिजलेली नाही. उंदराने कुरतडलेलीही नाही. कटरने कापलीय कोणीतरी."

गॅरेजवाला फडक्याने हात पुसत राहिला.

"आणि टेप बघ. प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर. शेवटचं टोक दुमडलेलं, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने खरवडत बसायला नको. हे कोण शिकवतं?"

"तुम्ही, सर."

"म्हणजे हे माझ्याच विद्यार्थ्याचं काम." सरांचा आवाज चढला. "तू?"

गॅरेजवाल्याने काकूंकडे पाहिलं. काकू पर्सची चेन लावत होत्या, उघडत होत्या.

"हो, सर."

"गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची. अरे, ती पोर माझी वाट बघत फाटकाशी उभी राहायची. लांबून गाडी दिसली की दप्तर उचलायची. तिने काय वाकडं केलंय तुझं?"

"काही नाही, सर."

"मग जोड ती तार. आत्ता, माझ्यासमोर."

"आज नाही जमणार. नवीन तार मागवलीय."

"वीतभर तारेसाठी? सोल, पीळ, टेप मार. दोन मिनिटांचं काम आहे. आण तो कटर, मीच करतो."

गॅरेजवाल्याने कटर खिशात टाकला आणि बॉनेट बंद केलं. सरांसमोर असं वागताना त्याला आतून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"किल्ली दे."

"नाही, सर."

आपल्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने आपलीच गाडी अशी अडवून धरावी, याच्याइतका कृतघ्नपणा सरांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि तसं ते बोललेही. "तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही," म्हणून ते तरातरा रस्त्याला लागले. मीटर मडगार्डवरच राहिला.

गॅरेजवाल्याने तो उचलून काकूंच्या पिशवीत ठेवला.

"सोमवारपेक्षा आज लवकर सापडलं त्यांना," काकू हळूच म्हणाल्या.

"हो. बोटं अजून चुकत नाहीत."

"गुरुवारी आणू?"

"आणा ना. बॅटरी चार्ज करून ठेवतो."

काकू घाईघाईने सरांच्या मागे गेल्या. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून तारेच्या त्या टोकाला पुन्हा टेप गुंडाळली. मुळातले वेढे डाव्या हाताचे होते. तसेच यावेत म्हणून त्याला दोनदा सोडवावं लागलं. शेवटचं टोक त्याने दुमडलं. मग किल्ली ठेवायला टेबलाचा खण उघडला.

तिथे तीन आठवड्यांपूर्वी गाडीबरोबर आलेली चिठ्ठी होती. अक्षर फळ्यावरचं, डावीकडे कललेलं: 'ठिणगी, काल नातीला घेऊन निघालो आणि घराचा रस्ताच आठवेना. अडीच तास पोर मागे बसून रडत होती. आज डोकं ठिकाणावर आहे, तेवढ्यात तार मी कापली आहे. मी येऊन तुझ्यावर ओरडेन. ऐकून घे. जोडू मात्र नकोस.'