डावीकडं ओढणारी गाडी

रविवारी शर्यत होती अन् मुकुलची गाडी काही केल्या सरळ धावेना. स्टिअरिंगवरचा हात सैल सोडला की हट्टी बैलासारखी डावीकडं ओढायची.

घरामागच्या नव्याकोऱ्या शेडमध्ये, वडिलांनी हौसेनं घालून दिलेल्या फरशीवर, त्यानं दोन्ही बाजूंच्या चाकांचा कल पातळी दाखवणारी पाणसळ लावून तंतोतंत सारखा केला. स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप नवे टाकले. पण भोकर फाट्यापर्यंत फेरी मारली की पुन्हा तेच रडगाणं. पाचव्या फेरीनंतर त्यानं हातातला पाना फरशीवर आपटला.

"बाबा, भंगारात घालतो ही गाडी! सगळं करून बसलो, दोष काही सापडून नाही राहिला."

त्याच्या वडिलांनी, रेणुकादास गुरुजींनी, वाकून आधी फरशीला चीर तर गेली नाही ना ते पाहिलं. मग चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणाले, "गाडीतच असंल काहीतरी. या जागेत दोष शोधून सापडायचा नाही.

मिस्त्री येडा, फरशी सपाट घालून राहिला होता; मीच उभं राहून वास्तुशास्त्राप्रमाणं ईशान्येला चांगला दोन इंच उतार काढून घेतला!"