जेवणाची जागा

तिसरी जागाही लॉर्कनने तुळईवर बोटं वाजवूनच तपासली.

"लाकूड पोखरलंय," तो म्हणाला.

"नाही हो," मिसेस हॅनली म्हणाल्या. नदीकाठची ही जुनी पाणचक्की त्यांनीच दुरुस्त करून समारंभांना द्यायला सुरुवात केली होती. "सगळ्या तुळया नव्या घातल्यात."

"मग नव्याच पोखरल्यात."

नूलाने भावाकडे नुसतं पाहिलं. आई गेल्यापासून आयर्लंडातल्या लीट्रिममध्ये, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घरात ही दोघंच राहत होती. त्याने गुरं बघायची, तिने घर आणि कोंबड्या. दोघांपैकी कुणाचंच लग्न झालं नाही. आता होणारही नाही, असं गावाने आणि लॉर्कनने केव्हाच धरून ठेवलं होतं. मग एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि बोअर मारायला फिन्टन आला. विधुर माणूस, हसरा. पाणी लगेच लागलं. फिन्टन तरी येतच राहिला.

लग्न सप्टेंबरात, गावच्या चर्चमध्ये, हे ठरलेलं होतं. प्रश्न नंतरच्या जेवणाचा होता. माणसं मोजकीच, एका लांब टेबलाभोवती मावतील एवढी. फिन्टनचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी लॉर्कनची. सकाळी निघताना नूला पुढची सीट सोडून मागे, फिन्टनशेजारी जाऊन बसली.

"मी काय टॅक्सी चालवतोय?" लॉर्कनने विचारलं होतं.

"टॅक्सीवाला एवढी बडबड करत नाही," नूला म्हणाली, आणि मागे दोघंही खो खो हसली.

लॉर्कनने आरशात पाहिलं. फिन्टनच्या शर्टाची कॉलर कडक होती, टोकं किंचित आत वळवलेली. नूलाची इस्त्री ओळखायला त्याला चष्मा लागत नव्हता. त्याच्या स्वतःच्या गळ्यात तशीच कॉलर होती.

लॉर्कनच्या मते पहिल्या बंगल्याचा चढ म्हाताऱ्या मार्गारेट आत्याला झेपणार नव्हता. दुसऱ्या ठिकाणी तळ्यावरचा वारा सूप गार करणार होता. आणि आता या तुळया.

मिसेस हॅनलींनी खिडकीजवळ चहा आणि स्कोन, म्हणजे गरम गोडसर पाव, मांडले. नूलाने फिन्टनच्या कपात आधी दूध ओतलं, मग चहा. एक स्कोन मोडून त्याला कडेपर्यंत लोणी लावलं आणि न विचारता त्याच्या बशीत ठेवलं. किटली लॉर्कनकडे सरकवली.

"घे रे तुझा तू."

आधी दूध. हे हिला कधी कळलं? आपण गोठ्यात असताना? लॉर्कनने आपल्या स्कोनला स्वतःच लोणी लावलं. साठी उलटलेला आपण विशीतल्या पोरासारखे जळतोय, हे त्याला कळत होतं. कळल्याने जळणं काही कमी होत नव्हतं.

"नदीचा आवाज फार आहे इथे," तो म्हणाला. "भाषणं कुणाला ऐकू येणार?"

"भाषण कोण करणारे?" नूलाने विचारलं.

"नवरीच्या भावाने करायचं असतं."

"तू करणार असशील तर आवाज असलेलाच बरा."

फिन्टन हसला. लॉर्कन हसला नाही, तेव्हा नूलाने सुरी खाली ठेवली.

"खरं सांग, लॉर्कन. तुला जागा पसंत नाही की माणूस?"

"नूला, असू दे गं," फिन्टन म्हणाला. मुरंबा घेऊन आलेल्या मिसेस हॅनली दारातच थबकल्या. फिन्टन लॉर्कनकडे वळला. "अरे, मला एक सुचतंय. इतकं कशाला हिंडायचं? तुमच्याच घरी करू. केवढं मोठं स्वयंपाकघर आहे तुमचं. वारा नाही, चढ नाही. आत्यालाही ओळखीचं."

नूलाचा चेहरा एकदम उजळला. "मला का नाही सुचलं हे! आईचं टेबल मधे ओढू. बाकं चर्चच्या हॉलमधून आणू. दाराशी फुलं लावू. लॉर्कन, तू चुलीच्या बाजूला बसशील, तुझ्या जागेवर. तुला कुठे जायलाच नको. आपलंच घर!" ती त्याच्याकडे बघत राहिली. आता तरी हा खूश होईल, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"घरी नको," लॉर्कन म्हणाला.

"का? आता घरात काय खोट काढलीस?"

"घरात काही खोट नाही."

"मग?"

त्याने कप बशीत ठेवला. तो नीट बसला नाही, म्हणून पुन्हा उचलून ठेवला.

"फुलं, गाणी, सगळं होईल. मग तुम्ही दोघं जाल." तो नूलाकडे न बघता बोलत होता. "दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिथेच बसून चहा प्यायचाय, नूला."

फिन्टनने मान खाली घातली. नूलाचा हात टेबलावरून निम्म्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. इतक्या वर्षांत या भावाचा हात कधी धरला नव्हता. कसा धरतात, ते तिला आठवेना.

मिसेस हॅनलींनी पुढे येऊन मुरंबा टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "अजून चहा आणू?"

"आणा," लॉर्कन म्हणाला. "आणि सप्टेंबरातला कुठला शनिवार मोकळा आहे, तेही बघून या."